‘काही करत नाही हो तो!’

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा मारली जाणारी थाप कोणती? ‘सर, सबमिशन उद्या नक्की!’ ही नव्हे. ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’ हीसुद्धा नव्हे. माझ्या मते पहिला नंबर ‘घाबरू नका, काही करत नाही हो तो!’ या वाक्याचा. समोर गुरगुरणारं धूड, पट्टा मालकाच्या हातात नुसताच लोंबतोय, आपण लिफ्टच्या कोपऱ्यात चिकटून उभे... आणि मालक हसत हसत हे वाक्य फेकतो. घोडबंदर रोडच्या तीस मजली टॉवरमध्ये जा, कल्याणच्या खडकपाड्यात जा नाहीतर डोंबिवलीच्या चार मजली बिल्डिंगमध्ये जा. वाक्य तेच, हसणंही तेच!

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून ठेवते, मी कुत्र्यांची शत्रू नाही. आणि मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे कायद्याच्या जड जड मराठीशी माझं फारसं जमत नाही. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडते, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. माझा प्रश्न अगदी साधा आहे. हा जो ‘काही करत नाही’, त्याने एक दिवस काही केलंच, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

बहुतेकांच्या डोक्यात कुत्रा चावणं म्हणजे नशिबाचा भाग असतो. पावसात पाय घसरला, डोक्यावर नारळ पडला, कुत्रा चावला... सगळं एकाच यादीत. कायदा मात्र तसं मानत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत यासाठी कलम २८९ होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तेच कलम आता २९१ झालं. गंमत म्हणजे त्यात ‘कुत्रा’ हा शब्द नाही, ‘चावणे’ हा शब्दही नाही. त्याचा साध्या भाषेत अर्थ असा : तुमच्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असेल, आणि तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी तुम्ही जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय निष्काळजीपणामुळे दुसऱ्याला इजा झाली तर कलम १२५ आहे. त्यात दुखापत गंभीर असेल तर कैद तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते.

म्हणजे बघा, कायदा कुत्र्याला काहीच विचारत नाही. तो मालकाला विचारतो, ‘तू काय काळजी घेतलीस?’ पट्टा होता का? दार लावलं होतं का? लिफ्टमध्ये माणसं असताना थांबलास का? ‘आमचा ब्रूनो आजपर्यंत कोणाला चावला नाही’ हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात म्हणे पाळीव प्राण्याच्या मालकाला नुकसानभरपाईसाठी धरायचं तर प्राणी द्वाड आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं असं दाखवावं लागे. म्हणून गमतीने म्हणत, की पहिला चावा फुकट! आपले बरेच मालक अजून त्याच काळात राहतात.

आणि ‘काही करणं’ म्हणजे फक्त चावणं, असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच ठाण्यातल्या मुंब्र्यात काय झालं ते आठवा. पाचव्या मजल्यावरून एक कुत्रा खाली पडला, तो रस्त्याने आईबरोबर चाललेल्या एका लहानग्या मुलीच्या अंगावर. मुलगी गेली. तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता, मला तो दुसऱ्यांदा बघवला नाही. त्या कुत्र्याचा काय दोष? तो बिचारा चावला नाही, भुंकलाही नसेल. पण उंचावर जनावर ठेवायचं तर ते खाली पडणार नाही हे बघणं माणसाचं काम, आणि म्हणूनच गुन्हा नोंदला गेला तो मालकावर.

हैदराबादच्या बंजारा हिल्समधली जानेवारी २०२३ ची गोष्टही अशीच. तेवीस वर्षांचा एक मुलगा पार्सल द्यायला तिसऱ्या मजल्यावर गेला. दार उघडलं आणि घरातला जर्मन शेफर्ड त्याच्या अंगावर धावून आला. जीव वाचवायला तो पळाला, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला आणि काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारला. मालकावर गुन्हा दाखल झाला. तेवीस वर्षांचा, म्हणजे आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. आपल्यातलीही काही मुलं सुट्टीत डिलिव्हरीची कामं करतातच की!

आणि जुलै २०२५ मधली मानखुर्दची घटना तर निष्काळजीपणाच्याही पुढची. उभ्या रिक्षात अकरा वर्षांचा मुलगा, त्याच्यावर सोडलेला पिटबुल, आणि समोर बसून हसणारा मालक. तिथेही याच २९१ आणि १२५ कलमांखाली गुन्हा नोंदला गेला. तर कायदा नाही, असं कोणी म्हणू नये. कायदा आहे.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण वेळेची. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली एका बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना ओळखीच्याच माणसाचा रॉटवायलर चावला. गाडीतला कुत्रा बाहेर आला आणि चावला. गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली ती जानेवारी २०२३ मध्ये! कुत्रा चावला तेव्हा मी केजीत होते, निकाल लागला तेव्हा बारावीच्या प्रिलिमची तयारी करत होते. वरळीची केस जरा ‘फास्ट’ म्हणायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये लिफ्टमध्ये एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन उभे होते. मूल घाबरतंय, कुत्रा आत आणू नका, असं ते सांगत असताना शेजाऱ्याने आपला हस्की ओढत आत आणला आणि तो चावला. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिने सक्तमजुरी झाली. सात वर्षं! पण या केसमध्ये एक शिकण्यासारखं आहे. लिफ्टमधला सीसीटीव्ही होता, म्हणून नक्की काय झालं ते कोर्टाला दिसलं. नाहीतर राहिलं असतं ‘तो म्हणतो, हा म्हणतो’.

दुसरी अडचण पैशाची. १८६० साली कलम २८९ मध्ये दंड होता एक हजार रुपयांपर्यंत. तेव्हाचे हजार रुपये म्हणजे भल्याभल्यांचे डोळे पांढरे झाले असते. तोच आकडा थेट २०२४ पर्यंत तसाच चालत आला. आता झाले पाच हजार. एखाद्या जातिवंत पिल्लाची किंमत विचारून बघा, म्हणजे या दंडाची जरब किती ते कळेल. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा दंड ज्याला कुत्रा चावला त्याच्या खिशात जात नाही, तो सरकारजमा होतो. जखमी माणसाला भरपाई द्या असा हुकूम कोर्ट करू शकतं, तशी तरतूद आहे. पण ती कोर्टाच्या मनावर. नाहीतर वेगळा दिवाणी दावा लावा, वकील करा, तारखा घ्या.

आता विचार करा, हे सगळं करणार कोण? चावा कोणाला बसतो, याची मनातल्या मनात एक यादी करा. वॉचमन, पेपरवाला मुलगा, कचरा गोळा करणारी बाई, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, गॅस सिलिंडर पोचवणारा, पार्सलवाला. २०२२ मध्ये पनवेलच्या एका सोसायटीच्या लिफ्टमधून बाहेर पडताना कुत्रा चावला, तोही डिलिव्हरीवालाच. यांच्यातला कोण सात वर्षं कोर्टात खेटे घालेल? त्यांचा तर एक खाडा पडला की पगार कापला जातो.

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधलीच गोष्ट सांगते. रात्रीच्या राउंडला गेलेल्या वॉचमनकाकांच्या पोटरीला दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा चावला. दार उघडं राहिलं होतं, एवढंच कारण. सकाळी मीटिंग भरली. मालक म्हणाले, ‘तुम्हाला तो ओळखतो, काठी बघून बिथरला असेल.’ म्हणजे चूक काठीची! वॉचमनने काठी नको तर काय फुलांचा गुच्छ घेऊन फिरायचं? सेक्रेटरी म्हणाले, ‘पोलीस वगैरे कशाला, घरातल्या घरात मिटवू.’ मग झाली मांडवली. पाचशे रुपये आणि पेढ्यांचा पुडा. काका बिचारे ‘राहू द्या साहेब’ म्हणाले.

पण हिशोब तिथे संपला का? रेबीजची लस महापालिकेच्या दवाखान्यात मिळते, डोंबिवलीत शास्त्रीनगरला, कल्याणला रुक्मिणीबाईत. पण ती एकदा टोचून भागत नाही. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. (पोटात चौदा इंजेक्शनं ही आजीच्या काळातली गोष्ट झाली, आता दंडावरच देतात.) जखम खोल असेल तर वेगळं सीरमही लागतं. प्रत्येक वेळी रात्रपाळी करून सकाळी लाईन लावायची. आणि हे टाळता येत नाही, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या चार फेऱ्यांचा, तुटलेल्या झोपेचा, महिनाभर मनात बसलेल्या भीतीचा भाव किती? पाचशे रुपये आणि पाव किलो पेढे!

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे, डेंजरस जातींवर बंदी घाला. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ ला तसं पत्र काढलंही होतं, पिटबुल, रॉटवायलर वगैरे तेवीस जातींबद्दल. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण मला विचाराल तर तो रस्ताच चुकीच्या दिशेने जातो. वरळीचा हस्की त्या तेवीसच्या यादीत नव्हता. पनवेलचा आणि हैदराबादचा जर्मन शेफर्डही नव्हता. उघड्या राहिलेल्या दाराला जात नसते!

मला एक वेगळा उपाय सुचतो, आणि तो आपल्या पार्किंगमध्येच उभा आहे. आपली ॲक्टिव्हा! गाडी रस्त्यावर आणायची तर काय लागतं? नंबर प्लेट आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स. इन्शुरन्स ऐच्छिक नाही, सक्तीचा आहे. का? कारण गाडीवाला कितीही सज्जन असला तरी धडक बसू शकते, आणि बसली तर समोरच्याने भरपाईसाठी गाडीवाल्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहू नये. कुत्र्याला हेच का लागू नको?

नंबर प्लेट म्हणजे महापालिकेचा परवाना. पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा लागतो हे आपल्या किती जणांना माहीत आहे? हा नुसता कागद समजू नका. आज मालकाला जबाबदारीतून सुटण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता आहे, माहितीये? कुत्रा रात्री गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून देणं! पाळीव प्राणी असा वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण पहिल्या वेळचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. दहा ते पन्नास! इकडे पाच हजार आणि कैदेची भीती, तिकडे वडापावच्या दोन प्लेटी. मग तो कुत्रा रस्त्यावरचा होतो, त्याला पिल्लं होतात, आणि पुढचा चावा ‘भटक्या कुत्र्याचा’ म्हणून नोंदला जातो. परवाना आणि मानेत बसवलेली चिप असेल, तर निदान ‘हा कोणाचा?’ याला उत्तर तरी मिळेल.

आणि इन्शुरन्स. जर्मनीतल्या अनेक राज्यांत कुत्रा पाळणाऱ्याला असा विमा घ्यावाच लागतो. इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘एक्सएल बुली’ जातीचा कुत्रा ठेवायचा असेल तर सवलतीचं सर्टिफिकेट, मुसकं, पट्टा आणि थर्ड पार्टी विमा सगळं सक्तीचं आहे. आपल्याकडे फक्त एका जातीला नको, परवाना घेणाऱ्या प्रत्येकाला थोड्या रकमेचा विमा लावावा. वॉचमनकाकांना मग पेढे नकोत. दवाखान्याचा कागद दाखवायचा, खाड्याचे पैसे आणि औषधपाणी मिळालं, विषय संपला. मालकाचाही फायदा आहे, कारण एका चाव्यासाठी तो वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणार नाही. मुद्दाम अंगावर सोडणाऱ्याला मात्र कैदच.

आता कुत्रेवाल्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मला होस्टेलवर जेवायला मिळणार नाही! कुत्रा पाळणं हा गुन्हा नाही. सोसायटीने ‘कुत्रे पाळण्यास मनाई’ असा ठराव करू नये, लिफ्ट बंद करू नये, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. चावला म्हणून कुत्र्याला काठीने ठेचणं, विष घालणं हा तर मोठा गुन्हा, न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. आणि आपण माणसंही काही कमी नसतो. झोपलेल्या कुत्र्याची शेपूट ओढायची, दिवाळीत लवंगी लावायची, आणि मग तो उलटला की बोंब मारायची. पण या सगळ्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही. उलट ज्याला कुत्र्यावर खरं प्रेम आहे त्यानेच पट्टा घट्ट धरावा, कारण चावल्यानंतर लोकांचा राग आधी त्या मुक्या जनावरावर निघतो.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. आपल्या होस्टेलच्या ‘केटी’ला कोण ओळखत नाही? (नव्या फर्स्ट इयरवाल्यांसाठी : एकदा मागे लागला की सुटत नाही, म्हणून ‘केटी’.) मेसच्या पोळ्या खातो, बॉईज होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये झोपतो, परीक्षेच्या रात्री सोबत जागतो. त्याला नाव आपण दिलं, गळ्यात पट्टा आपण बांधला, वाढदिवसाचा केकही कापला. पण उद्या केटी मेसच्या मावशींना चावला तर? ‘तो आमचा थोडीच आहे, रस्त्यावरचा आहे!’ हे उत्तर आत्ताच ऐकू येतंय मला. केक कापताना सगळ्यांचा, चावल्यावर कोणाचाच नाही.

कायद्याचा शब्द आहे ‘ताब्यातला प्राणी’. केटी कोणाच्या ताब्यात आहे, यावर वकील तासभर भांडतील. मावशींना त्याचा काय उपयोग? आणि कॉलेजपुरता हा प्रश्न आता नुसता वादाचाही राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची भटकी कुत्री हलवून त्यांना शेल्टरमध्ये ठेवायला आणि परत तिथेच न सोडायला सांगितलं. त्याआधी २२ ऑगस्टच्या आदेशात दुसरा एक दरवाजाही उघडा ठेवला होता : ज्याला कुत्र्याचा लळा आहे त्याने महापालिकेकडे अर्ज करून त्याला रीतसर दत्तक घ्यावं, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी स्वतःवर घ्यावी. मला हे फार आवडलं. प्रेम आहे ना? मग अर्जावर सही करा.

तेव्हा माझी रेक्टर सरांना आणि जिमखान्याला विनंती आहे की केटीचं काय ते या टर्ममध्येच ठरवा. स्टाफपैकी किंवा डे स्कॉलर मुलांपैकी कोणी त्याला घरी नेणार असेल तर उत्तम. लस, नसबंदी, परवाना यांचा खर्च आपण वर्गणी काढून देऊ, ट्रॅडिशनल डेला त्याहून जास्त उडवतो. कोणीच पुढे आलं नाही तर महापालिकेला कळवावं लागेल, आणि त्या दिवशी रडणाऱ्यांत मीही असेन. पण कोणीतरी चावला जाईपर्यंत वाट बघायची, हा पर्याय नको.

आणि तोवर चार गोष्टी लक्षात ठेवा. कुत्रा चावला तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-मिरची काही भरू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि केसपेपरवर कुत्रा चावल्याचं लिहून घ्या. सीसीटीव्हीचं फुटेज सेक्रेटरीकडे लगेच लेखी मागा, काही दिवसांत ते आपोआप पुसलं जातं. आणि पोलीस स्टेशनला जा. कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ‘आधी कोर्टातून ऑर्डर आणा’ असं कोणी म्हणू शकत नाही. मात्र उशीर करू नका, या कलमात कोर्टाने दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना एकच सांगणं. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये कोणी दचकलं तर ‘काही करत नाही हो तो’ म्हणू नका. ‘थांबा, मी धरलंय त्याला’ म्हणा. आणि खरंच धरा!

पटतंय का बघा. नसेल पटत तर कट्ट्यावर या, भांडू. पण केटीला सोबत आणणार असाल तर पट्ट्याचं दुसरं टोक कोणाच्या हातात असेल, ते आधी ठरवून या!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स